दोराचा ताण आणि वाशाचा तोल

सुगी संपली की गावोगाव पोती मोजायची लगबग सुरू होते. आमच्या चुलत्यांच्या वाड्यात त्यासाठी भिंतीला एक वासा आडवा बसवलेला होता. त्याचे एक टोक भिंतीतल्या लोखंडी बिजागरीत, आणि दुसरे टोक दोराने वर भिंतीतल्या खुंटीला बांधलेले. त्या टोकाला काटा टांगायचा आणि काट्याला पोते.

मी सातवीत होतो त्या वर्षी भरल्या पोत्यासकट वासा खाली आला. दोर तुटला होता. खाली उभ्या असलेल्या गड्याचा पाय मोडला. ऐन कामाच्या दिवसांत दोन महिने तो घरी बसून राहिला. साऱ्यांनी दोर विकणाऱ्याला बोल लावला. “दोनशे किलो पेलेल म्हणाला होता, आणि साठ किलोला तुटला!” चुलत्यांचा हा सवाल बिनतोड वाटत होता. पुढे कॉलेजात गेल्यावर मी तो कागदावर सोडवला, तेव्हा कळले की विकणारा खोटे बोलला नव्हता. चूक खुंटीच्या जागेत होती. ते गणित आज तुमच्यापुढे मांडतो. पाटी-पेन्सिल हाताशी असेल तर आकृती काढत चला.

कोणतीही वस्तू स्थिर असते तेव्हा दोन हिशेब जुळलेले असतात. पहिला बलांचा: खाली जेवढे तेवढेच वर, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. दुसरा फिरण्याचा. जात्याचा खुंटा कडेला का बसवतात? मधल्या खिळ्यापासून जितके लांब, तितके फिरवणे सोपे. पण तोच खुंटा कोणी खिळ्याच्या दिशेने ओढू लागला, तर जाते फिरेल का? कितीही जोर लावा, फिरणार नाही. म्हणजे नुसता जोर पुरत नाही. जोराची रेषा मधल्या बिंदूपासून किती दूरून जाते, ते लंब अंतर महत्त्वाचे. जोर गुणिले लंब अंतर, याला म्हणतात परिबल. तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध करून दाखवला, त्याच्या पोटात हीच गोष्ट आहे.

आता आपला वासा घ्या. लांबी २ मीटर, वजन १२ किलो. टोकाला काटा आणि पोते मिळून ६० किलो. शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, आणि एक किलोचे वजन म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन, पण आज आपण बाजारातल्या किलोतच बोलू.

परिबले मोजायची ती बिजागरीपासून. का? भिंत वाशाला किती रेटते हे आपल्याला ठाऊक नाही; पण तो रेटा बिजागरीतूनच जातो, त्याचे लंब अंतर शून्य, म्हणून तो हिशेबातून आपोआप गळतो. गुरुजनहो, मुलांना ही युक्ती अवश्य सांगा. निम्मे गणित तिथेच सुटते.

पोत्याचे परिबल ६० गुणिले २, म्हणजे १२०. वाशाचे वजन त्याच्या मध्यावर धरायचे: १२ गुणिले १, म्हणजे १२. एकूण १३२. हे सारे वाशाला खाली फिरवू पाहते, आणि एकटा दोर त्याला अडवतो.

समजा, खुंटी बिजागरीच्या वर दीड मीटरवर आहे. वासा, भिंत आणि दोर यांचा काटकोन त्रिकोण झाला. दोर हा त्याचा कर्ण. त्याची लांबी अडीच मीटर. बिजागरीपासून दोरावर लंब टाका. दोन बाजूंचा गुणाकार भागिले कर्ण, म्हणजे ३ भागिले २.५, उत्तर १.२ मीटर. तेव्हा दोराचा ताण १३२ भागिले १.२, म्हणजे ११० किलो. दोनशेचा दोर हे पेलेल.

आमच्याकडे मात्र खुंटी अर्ध्या मीटरवर होती. वर अडचण नको, म्हणून कोणीतरी खाली ठोकलेली. आता कर्ण सुमारे २.०६ मीटर आणि लंब अंतर अवघे ०.४८५ मीटर. ताण आला सुमारे २७२ किलो! दोनशेचा दोर टिकणार कसा?

इथे एक मौज पाहा. दोन्ही वेळी दोर वाशाला वर किती उचलतो, हे काढले तर उत्तर एकच येते: ६६ किलो. एकूण वजन ७२. उरलेले ६ किलो बिजागरी उचलते. फरक पडतो तो आडव्या ओढीत. खुंटी उंच असता वासा भिंतीला ८८ किलोंनी रेटतो, खाली असता २६४ किलोंनी. उचलण्याचे काम तेवढेच. बाकीचा सारा ताण वासा भिंतीत खुपसण्यात खर्ची पडतो, जात्याचा खुंटा खिळ्याकडे ओढावा तसा.

शाळेत हे दाखवायला फार साहित्य लागत नाही. ४० सेंटिमीटरची हलकी काठी एका टोकाशी भोक पाडून खिळ्यावर सैल बसवा. दुसऱ्या टोकाला २०० ग्रॅमचे वजन टांगा, आणि ते टोक दोरी व ताणकाटा लावून वर बांधा. दोरी आधी ३० सेंटिमीटर उंचीवर बांधा, मग १० सेंटिमीटरवर. दोन्ही वेळा काठी आडवी राहील असे पाहा. काठीचे वजन सोडले तर काटा पहिल्यांदा सुमारे ३३३ ग्रॅम दाखवील, दुसऱ्यांदा सुमारे ८२५. आकडे आधी मुलांकडून काढून घ्या, मग काटा वाचू द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, दोर घेताना त्याची ताकद विचाराच, पण बांधताना त्याचा उतारही पाहा. दोर जितका आडवा, तितका ताण जास्त. खुंटी उंच ठोका, वजनाच्या दुपटी-तिपटीहून मजबूत दोर वापरा, आणि टांगलेल्या पोत्याखाली माणूस उभा राहू देऊ नका.

आमच्या चुलत्यांनी त्या वर्षी जाड दोर आणला आणि त्याच खुंटीला बांधला. पुढे मी गणित करून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले, आणि पहार घेऊन खुंटी वर ठोकायला गेले.