छत भाड्याने देताना : पंचवीस वर्षांचा विचार



समाजभवनांची छते सौर ऊर्जेच्या पॅनेलसाठी भाड्याने देण्याचा विषय आज अनेक धर्मादाय संस्थांपुढे येत आहे. २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र ज्या चंद्रपूरच्या परिसरात उभे आहे, तेथील जनतेला कोळशाच्या विजेची किंमत धूळ आणि राख यांच्या रूपानेही ठाऊक आहे. त्यामुळे सूर्याच्या विजेचे स्वागत व्हावे, हे योग्यच आहे. परंतु स्वागत करताना व्यवहाराचे भान सुटू नये.

छत भाड्याने देण्याचा मोठा प्रयोग शेजारच्या गुजरात राज्यात, गांधीनगर येथे झाला. ५ मेगावॅटचे हे काम २०१२ च्या सुमारास दोन खासगी कंपन्यांना निम्मे-निम्मे देण्यात आले. त्यांनी शासकीय इमारतींच्या व काही खासगी घरांच्या छतांवर पॅनेल बसवून वीज विकायची आणि छतमालकाला युनिटमागे ३ रुपये द्यायचे, अशी योजना होती. करार २५ वर्षांचा होता.

या दराने हिशेब मांडून पाहावा. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते आणि सरासरी रोज ४ युनिट वीज मिळते. म्हणजे २,००० चौरस फुटांवर २० किलोवॅट, वर्षाला सुमारे २९,२०० युनिट आणि ३ रुपयांप्रमाणे ८७,६०० रुपये. मात्र त्या काळी सौर विजेचा खरेदी दर फार मोठा होता. तो आधार धरून आज भाड्याचे अंदाजपत्रक करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

भाड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे. आज सही करणारे विश्वस्त पंचवीस वर्षांनी त्या जागी बहुधा नसतील. करार मात्र असेल. उद्या मुलींचे वसतिगृह किंवा वाचनालय यासाठी आणखी एक मजला बांधायचा झाला, तर पॅनेल कोण उतरवील, खर्च कोण करील? छत गळले तर जबाबदारी कोणाची? कंपनी बंद पडली किंवा तिने करार दुसऱ्यास विकला तर काय? या प्रश्नांची उत्तरे करारपत्रात आधी लिहून घ्यावीत आणि भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

आपल्या भागातील काही बाबी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. चंद्रपूरच्या कडक उन्हामुळे वीज भरपूर मिळेल, हा समज अर्धाच खरा आहे. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. त्याचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. कोळशाची धूळ नियमित पुसावी लागते. गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात वादळाने तारा तुटल्या की, बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते, हेही सभासदांना अगोदर सांगावे. जुन्या इमारतीची भारक्षमता स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेणे तर अनिवार्यच होय.

छत भाड्याने देणे हा एकमेव मार्गही नाही. शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ साली प्रसादालयाच्या छतावर ७३ सौर तबकड्या बसवून स्वतःच्या स्वयंपाकासाठी वाफ निर्माण केली. जैन समाजाच्या भवनात तर भोजन सूर्यास्तापूर्वी होते. पाण्याचा पंप, मिक्सर, पंखे यांचा मोठा वापर दिवसाच होतो. दिवसा तयार होणारी वीज अशा ठिकाणी जागच्या जागी उपयोगी पडते. उरलेली वीज नेट मीटरिंगने वीज वितरण कंपनीच्या हिशेबात जमा होते. चातुर्मासात भवनाची वर्दळ वाढते आणि नेमके तेव्हाच ढगांमुळे उत्पादन कमी होते. वर्षाचा हिशेब करताना हेही धरावे. बिलातील बचत भाड्याच्या उत्पन्नापेक्षा अधिक ठरते का, हे दोन्ही आकडे शेजारी मांडूनच ठरवावे.

आणि हा निर्णय बंद दाराआड होऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे बांबूचा व्यवहार ग्रामसभेत, सर्वसहमतीने केला. जी मालमत्ता सर्वांची, तिचा हिशेब सर्वांसमोर, हा धडा आपल्याच जंगलाने दिलेला आहे. न्यासानेही प्रस्ताव, निविदा आणि करारातील अटी सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात. शंका विचारणाऱ्या सभासदाला विरोधक समजू नये. प्रत्येक मताला सत्याचा काही अंश असतो, असे मानणाऱ्या अनेकांतवादी समाजाला ही रीत परकी नाही.

ज्यांनी पै-पै जमवून भवने उभारली, त्यांनी छत बांधताना पुढच्या पिढीचा विचार केला होता. त्या छताचा करार करतानाही तोच विचार व्हावा, हीच सुवर्ण महोत्सवी वर्षातील अपेक्षा.

जय जिनेंद्र.