कीटकभक्षी वनस्पतींची माती

कोकणातील आमच्या घरामागे थोडे चढून गेले की सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही आणि पावसाळ्यात जागोजागी घोटाभर पाणी साचते. आमचे आजोबा जमिनीचे मोठे पारखी. ‘सड्यावर कुळीथसुद्धा धरत नाही,’ असा त्यांचा निकाल होता. श्रावणात गुरांमागे हिंडणाऱ्या आम्हा मुलांना मात्र त्याच सड्यावर बोटभर उंचीची, तांबूस रंगाची, अंगभर चिकट थेंब ल्यालेली रोपे दिसत. थेंबांना चिलटे चिकटलेली असत. या रोपाला दवबिंदू म्हणतात आणि ते किडे पचविते, हे पुढे पुस्तकात वाचले. पण ते सड्यावरच का उगवते, खालच्या शेणखत घातलेल्या खाचरात का उगवत नाही, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तो सुचावयास वयाची चाळिशी यावी लागली आणि त्यापायी एका निरपराध रोपाचा जीव गेला.

सरकारी नोकरीने मला काही वर्षे मेघालयात नेले. तेथे घटपर्णी प्रथम पाहिली. पानाचे टोक दोरीसारखे लांबून त्याला झाकणाचा घट लोंबत असतो. आत पाचक रस, आणि त्यात मुंग्यामाश्यांचा चिखल. भारतात रानात आढळणारी ही एकच जात. तिच्या शास्त्रीय नावात खासी टेकड्यांचे नाव गोवलेले आहे. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. आमच्या कार्यालयातील एक वयस्क खासी गृहस्थ माझ्याबरोबर होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना ‘बाह’ म्हणत असे. मी झाडाचे घट पाहत होतो आणि ते मुळाकडे बोट दाखवीत होते. रस्त्यासाठी टेकडी कापलेली, तिच्या पिवळट, भुरभुरीत, खडेमिश्रित कडेला ती वेल धरून होती. ‘साहेब, येथे बटाटा लावला तर गोटीएवढाही होणार नाही,’ ते म्हणाले. मी मान डोलाविली आणि त्यांचे बोलणे तेथेच विसरलो.

पुढे दिल्लीस बदली झाली. मेघालयातील घटपर्णीला कायद्याचे संरक्षण आहे; ती उपटणे वा विकणे गुन्हा आहेच, पण परवान्यावाचून कुंडीत लावणेही कायद्यात बसत नाही. म्हणून मी रोपवाटिकेतून प्रयोगशाळेत वाढविलेली एक संकरित घटपर्णी विकत घेतली. तिच्यासाठी मातीची मोठी कुंडी आणली. गाळाची माती, कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि वर मूठभर हाडांचा चुरा, असा राजेशाही थाट केला. नळाचे पाणी रोज घातले. आठवड्यात नवे घट वाळले, दुसऱ्यात पानांच्या कडा करपल्या. मला वाटले, रोप भुकेले आहे. म्हणून आणखी खत घातले. महिन्याच्या आत ते गेले. उपटून पाहिले तर काळी, केसासारखी मुळे बोटांत विरघळली. तेव्हा बाहांचे बोट आठवले.

या वनस्पती जेथे राहतात तेथे पाऊस इतका पडतो की मातीतील नत्र आणि इतर विद्राव्य पोषणद्रव्ये धुऊन जातात. खासी टेकड्यांवरील मौसिनरामला वर्षाला सरासरी 11,800 मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. आमच्या सड्यावर त्याहून पुष्कळ कमी, पण दगडावर मातीचा थर इतका पातळ की परिणाम तोच. अशा आम्लधर्मी, निकस जागी मुळांनी आणावे असे काही उरत नाही. म्हणून अन्न मिळविण्याचे काम पानांनी पत्करले. मुळे मुख्यतः पाणी ओढण्यापुरती आणि धरून राहण्यापुरती उरली. क्षारांचा मारा सोसण्याची त्यांना सवयच नाही. खताचे पाणी आले की मुळातील पाणी उलट बाहेर खेचले जाते आणि मूळ जळते. मी जे वाढले ते अन्न नव्हते, मीठ होते.

पान खरोखरच अन्न मिळविते का, याचा वाद एके काळी मोठा होता. चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ 1875 साली निघाला, तरी काहींचे समाधान झाले नाही. तेव्हा त्याचा मुलगा फ्रान्सिस याने 1877 च्या उन्हाळ्यात दवबिंदूची सुमारे दोनशे रोपे लावली, निम्म्यांच्या पानांवर भाजलेल्या मांसाचे कण ठेविले आणि निम्मी उपाशी ठेविली. खाऊ घातलेल्या रोपांनी कितीतरी अधिक बी धरले. या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बारीकशी गोष्ट: रोपे मातीत लावलेली नव्हती. ती सूप पिण्याच्या बशांत, नुसत्या शेवाळात लावली होती.

हे शेवाळ म्हणजे स्फॅग्नम. वाळलेले असता ते स्वतःच्या वजनाच्या पंधरावीस पट पाणी धरते, आणि भोवतीच्या पाण्यातील खनिजे शोषून त्याला आम्ल बनविते. पहिल्या महायुद्धात कापसाऐवजी जखमांवर हेच बांधीत. थंड देशांच्या दलदलीत त्याचे थर हजारो वर्षे साचून, अर्धवट कुजून जे होते त्याला पीट म्हणतात. पीट आणि धुतलेली गारगोटीची वाळू समभाग, हे दवबिंदूसाठी आणि अमेरिकेतल्या व्हीनसच्या सापळ्यासाठी जुने, भरवशाचे मिश्रण आहे.

पण पीटविषयी माझे मन निःशंक नाही. त्याचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्के भागावर पसरलेल्या या दलदलींत जगातील सर्व जंगलांच्या झाडांपेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. खिडकीतल्या एका कुंडीसाठी हातभर खोलीचा इतिहास खणावा, हे मला पटत नाही. आपल्याकडे मेघालयातून वा निलगिरीतून पोती भरून शेवाळ ओरबाडणे तर त्याहून वाईट. ज्या ओलसर कड्यांवर दवबिंदू उगवतो, तीच जागा त्याने उघडी पडते.

नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, हा आपल्या देशातला पर्याय आहे. त्यात एक खोच आहे. काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवितात. शिवाय नारळात पालाश मूळचेच असते. म्हणून भुसा मऊ पाण्यात भिजवून, पिळून, निदान पाचसहा वेळा पाणी बदलावे. क्षार मोजण्याचे लहानसे यंत्र आता स्वस्तात मिळते. पिळलेल्या पाण्याचा आकडा मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहावे. ‘प्रक्रिया केलेला’ असे पाकिटावर छापले असेल तर नीट चौकशी करावी. ती प्रक्रिया बहुधा कॅल्शियम नायट्रेटने केलेली असते, म्हणजे पुन्हा खतच.

वाळूची परीक्षा सोपी. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर तीत शिंपल्यांचा वा चुनखडीचा अंश आहे. ती बांधकामालाच राहू द्यावी. समुद्राची वाळू तर नकोच. वाळूऐवजी परलाइट चालते. ज्वालामुखीची काच तापवून लाह्यांसारखी फुलविलेली असते ती. हाताळण्यापूर्वी ओले करावे, धूळ घशात जाते.

घटपर्णीचे मात्र निराळे. तिला ओल हवी पण साचलेले पाणी नको. दोन भाग नारळाच्या सालीचे धुतलेले तुकडे, एक भाग परलाइट, एक भाग पाइनची साल, असे पोकळ मिश्रण मी वापरतो. मूठ दाबून सोडली की ते सुटे झाले पाहिजे. कुंडी प्लास्टिकची, मातीच्या कुंडीत क्षार साठतात.

माती इतकी जपून निवडली आणि पाणी नळाचे घातले तर सारे व्यर्थ. लिटरला 300 मिलिग्रॅम क्षारांचे पाणी वर्षाकाठी 100 लिटर घातले, तर पाणी उडून जाते आणि 30 ग्रॅम क्षार कुंडीत उरतात. पावसाचे पाणी साठवावे, नाही तर घरातील शुद्धीकरण यंत्राचे वापरावे, तेही क्षार मागाहून मिसळणारे नसले तर.

श्रोतेहो, सर्वच कीटकभक्षी वनस्पतींना हे लागू आहे असे मात्र समजू नये. मेक्सिकोतील पिंग्विक्युला चुनखडीच्या आणि जिप्समच्या कड्यांवर सुखाने राहते. बोर्निओतील एक घटपर्णीही चुनखडीच्या डोंगरावरचीच आहे. तेव्हा झाड कोठून आले हे आधी विचारावे, मिश्रण मागाहून.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो असता सड्याच्या एका खळग्यातील ओंजळभर खरड मी कागदात बांधून आणली. तिचा पोत पाहावा, एवढाच हेतू होता. लाल खडे, थोडी वाळू, धुळीसारखी माती. पाहून झाल्यावर ती एका पसरट थाळीत ओतली, जुलैत थाळी उघड्यावर ठेविली, आणि पावसाने तुडुंब भरू दिली. खत नाही, मिश्रण नाही. ऑगस्टच्या मध्यावर खड्यांमधून तांबडे केस निघालेले दिसले. भिंगातून पाहिले तर प्रत्येक केसावर थेंब होते, आणि एकावर चिलट. एकंदर अकरा रोपे झाली. ऑक्टोबरमध्ये फुलून, बी धरून ती वाळली, जशी सड्यावर वाळतात. थाळी आता कपाटावर कोरडी ठेवली आहे. जूनपर्यंत तिच्यात पाणी घालावयाचे नाही, असे घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.