पेटीवरचं नाव परमुलखात कसं राखाल?

मागच्या हंगामात सांगोला तालुक्यात एका गटाच्या पॅकिंग शेडमध्ये गेलो होतो. भगव्या डाळिंबाच्या पेट्या भरणं चाललं होतं. पेटीवर गटाचं नाव अन् चित्र छान छापलेलं. एका बागायतदारानं विचारलं, "साहेब, नाव तर आम्ही मुंबईच्या कचेरीत रीतसर नोंदवलंय. मग आता दुबईतही ते आमचंच ना?"

मंडळी, आज याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. उत्तर आहे, नाही. आपल्या गटाच्या सात-बारावर शेजारच्या गावचं रान आपलं होत नाही, तसंच हे आहे. भारतात नोंदवलेलं नाव भारतातच राखलं जातं. दुबई, लंडन, रॉटरडॅम इथं माल जात असेल तर तिथं वेगळी नोंद हवी. चीनसारख्या देशात तर जो आधी अर्ज करील त्याचाच हक्क बहुधा धरला जातो. आपलं नाव दुसऱ्यानं तिथं आधी नोंदवलं, तर आपलीच पेटी आपल्या नावानं विकायची चोरी होते.

आता दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. 'सोलापूर डाळिंब' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही त्याच साली मिळालं. सोलापुरी चादरीला तर त्याच्या कितीतरी आधी मिळालं होतं. हे नाव कोणा एकाचं नाही, ठरलेल्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. पण ते कायदेशीरपणे लावायचं तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या कचेरीत आपली नोंद करावी लागते. २०२० साली ही फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. दहा रुपयांसाठी मागं राहू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या गटाचं खास नाव, म्हणजे ट्रेडमार्क. इथं 'सोलापूर डाळिंब' किंवा 'ताजी लाल फळं' असलं नाव चालत नाही. इतरांहून ओळखू येईल असं वेगळं नाव निवडा. ताज्या फळांसाठी वर्ग ३१, रसासाठी वर्ग ३२. रसही विकणार असाल तर दोन्ही वर्गांत अर्ज करा. ऑनलाईन अर्जाची फी एका माणसाला किंवा लघुउद्योगाला दर वर्गास ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. नोंद दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण करायचं.

परदेशासाठी काय करायचं? भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद करारात आहे. आपल्याच ट्रेडमार्क कचेरीतून एकच अर्ज करून त्यात हवे ते देश लिहिता येतात. युरोपीय संघ, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती हे सगळे त्यात आहेत. मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, आपल्या कचेरीची ५,००० रुपये, शिवाय प्रत्येक देशाची वेगळी. फीचे दर बदलतात, म्हणून अर्जाआधी चालू दर विचारून घ्या. जो देश करारात नाही, तिथं स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

तारखेचाही वाफसा असतो बरं का! भारतात पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर बहुतेक देशांत भारतातलीच तारीख धरली जाते. मधल्या काळात कोणी घुसला तरी तुमचा नंबर आधी लागतो.

अन् आणखी एक. माद्रिदची नोंद ही पहिली पाच वर्षं मायझाडाला बांधलेल्या गुटीसारखी असते. या काळात भारतातला अर्ज फेटाळला गेला किंवा नोंद रद्द झाली, तर बाहेरचीही जाते. म्हणून इथलं मूळ आधी पक्कं करा.

उशीर आणि वाद महाग पडतात, हे बासमतीनं दाखवलं आहे. भारतात तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपात भारतानं २०१८ साली अर्ज केला, आणि २०२० साली पाकिस्तानची हरकत आली. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर आपल्या गटानं किती जपावं!

शेवटी ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

१. नोंद गटाच्या किंवा कंपनीच्या नावावर करा. निर्यातदाराच्या, दलालाच्या किंवा परदेशी खरेदीदाराच्या नावावर कधीही करू देऊ नका. "मी करून देतो" म्हणणाऱ्याकडून अर्जाची प्रत मागून घ्या.

२. पेट्या छापण्याआधी नाव दुसऱ्या कोणाचं नाही ना, हे शोधून पाहा.

३. वर्तुळातलं 'आर' हे चिन्ह नोंद झालेल्या देशापुरतंच छापा. नोंद नसताना ते छापणं पुष्कळ देशांत गुन्हा ठरतो.

४. सगळे देश एकदम नकोत. माल खरोखर जातो ते दोन-तीन देश आधी धरा.

५. बिलं, पेटीचे नमुने, तारखा जपून ठेवा. वाद झाला तर तोच पुरावा.

सांगोल्याच्या त्या गटानं घरी जाऊन पहिला कागद काढला तो आपल्या भारतातल्या अर्जाच्या तारखेचा. सहा महिने भरायला पाच आठवडे उरले होते. तुमची तारीख कोणती, ते आजच बघा.