मागच्या रांगेतील माणसे

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी वक्त्याने शाळेच्या यशाचा आलेख मांडावा, असा प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी या व्यासपीठावरून केलेच आहे. मी आपल्यापुढे एक जुने छायाचित्र घेऊन आलो आहे, आणि त्याच्या निमित्ताने एक विनंती.

गोरखपुरात वाढलेल्या माझ्या पिढीच्या कानात हाऊबाग स्थानकावरच्या छोट्या गाडीची शिट्टी अजून आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी ती गाडी 2015 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल या रेल्वेच्या पगारावर पेटली. कोणाचे आजोबा गार्ड, कोणाचे फिटर, कोणाचे तारबाबू, कोणाचे गँगमन. म्हणूनच रेल्वेची जुनी छायाचित्रे हा आपल्या घरचाच विषय आहे, असे मी मानतो.

या शहराचे रेल्वेशी नाते फार जुने. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांची भेट जबलपूरला झाली. 7 मार्च 1870 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत हा मार्ग खुला झाला आणि मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाइन सातपुडा ओलांडून येथवर आली. या साऱ्या घटनांमध्ये व्हाइसरॉयांचे नाव टिकले, अभियंत्यांची नावे टिकली. ज्यांनी माती उचलली, खडी फोडली, स्लीपर वाहिले, त्यांची नावे कोठे आहेत?

मुंबईहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या बोरघाटाचे उदाहरण घ्या. सुमारे पावणेसोळा मैलांची ती चढण 1863 साली वाहतुकीस खुली झाली. तिच्यावर 25 बोगदे खोदावे लागले आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही होती. पटकीच्या साथींनी त्यांच्यातील असंख्यांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. त्यांनी काढलेली या कामाची छायाचित्रे आज जतन केलेली आहेत. अशा चित्रांत डोंगर दिसतो, पूल दिसतो, आणि त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसे दिसतात. पुलाची उंची किती आहे हे पाहणाऱ्याला कळावे, एवढ्यापुरतेच जणू त्यांना तेथे स्थान होते.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. जबलपूरचा मार्ग जोडला गेला त्याच्या दहा महिने आधी, 10 मे 1869 रोजी, अमेरिकेतील यूटा प्रांतात प्रॉमन्टरी येथे पूर्वेचा व पश्चिमेचा लोहमार्ग एकत्र आला. दोन इंजिने समोरासमोर उभी असल्याचे ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पश्चिमेकडचा बराचसा मार्ग हजारो चिनी मजुरांनी बांधला होता. पण त्या गर्दीत त्यांचे चेहरे जवळजवळ शोधूनही सापडत नाहीत. पगारपत्रकांतही पुष्कळदा टोळीच्या मुकादमाचेच नाव असे. 2014 साली कॉर्की ली नावाच्या छायाचित्रकाराने त्याच जागी चिनी वंशाच्या नागरिकांना, त्यांच्यात त्या मजुरांच्या वंशजांनाही, एकत्र उभे केले आणि नवे छायाचित्र घेतले. 145 वर्षांनी मागच्या रांगेतील माणसे पुढे आली.

आता माझ्या घरातील छायाचित्राकडे येतो. ते नैनपूरच्या इंजिन शेडसमोर काढलेले आहे. पुढे खुर्च्यांवर सात जण बसले आहेत. त्यांची नावे खालच्या पुठ्ठ्यावर टंकलिखित आहेत. मागे सोळा जण उभे आहेत. त्यांच्यासाठी दोनच शब्द आहेत : ‘इतर कर्मचारी’.

माझे आजोबा या शेडमध्ये फिटर होते. 1958 साली नोकरीत असतानाच ते वारले. त्या वेळी माझे वडील तीन वर्षांचे होते. आजोबांचे एकही छायाचित्र घरात नव्हते. आजीच्या पश्चात, बऱ्याच वर्षांनी, एका परिचिताने या समूहचित्राची प्रत आणून दिली. वडिलांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली आणि डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवले. ‘कपाळ माझ्यासारखेच आहे,’ ते म्हणाले. त्या चेहऱ्याची मोठी प्रत करून घेतली, चौकट केली. दरवर्षी पितृपक्षात आम्ही त्या चौकटीला हार घालीत आलो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त ड्रायव्हर काका आमच्याकडे आले होते. त्यांनी मूळ चित्र हातात घेतले आणि सहज विचारले, “तुमचे आजोबा गार्ड होते का?” मी म्हणालो, “नाही, फिटर.” त्यांनी त्या तिसऱ्या माणसाच्या काखेतील गुंडाळलेल्या झेंड्या दाखविल्या, छातीवर लोंबणारी शिट्टीची दोरी दाखविली. “फिटर झेंडी कशाला घेईल?” एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ते चित्र नव्याने वाचू लागलो. प्रथम काळ पाहिला. घरात समजूत होती की चित्र स्वातंत्र्याच्या वर्षीचे आहे. भिंग लावल्यावर मागच्या इंजिनावर दक्षिण-पूर्व रेल्वेची अक्षरे दिसली. ही रेल्वे ऑगस्ट 1955 मध्ये अस्तित्वात आली. म्हणजे चित्र त्यानंतरचे. आजोबा 1958 मध्ये गेले. तेव्हा ते या चित्रात असतील, तर ते याच तीन वर्षांतील असले पाहिजे.

मग हातांकडे पाहिले. चेहरा फसवितो, हत्यार सहसा फसवीत नाही. बेलचा धरणारा फायरमन, लांब चोचीची तेलाची बुधली धरणारा फिटर किंवा ड्रायव्हर, पाना आणि हातोडा खांद्यावर घेतलेला की-मॅन. अर्थात छायाचित्रकाराने शोभेसाठी हाती काही दिले असेल, ही शंकाही मनात ठेवावी लागते.

शेवटी मी बिलासपूरला आत्याकडे गेलो. ती वडिलांहून अकरा वर्षांनी मोठी. मला आजही खंत वाटते की इतक्या वर्षांत तिला हे चित्र कोणी दाखविलेच नव्हते. रेल्वेची गोष्ट पुरुषांना विचारायची, असे आम्ही गृहीत धरले होते. आत्याने चष्मा पुसला आणि क्षणभरही न थांबता उजव्या टोकाला बोट ठेवले. तेथे एक माणूस चौकटीत अर्धाच आला आहे. गळ्याला रुमाल, हाती तेलाची बुधली. ती म्हणाली, “हे बाबा. रुमालाची गाठ नेहमी डाव्या खांद्यावर घालायचे. काजळी मानेत जाते म्हणायचे.”

त्या माणसाच्या छातीवर पितळी बिल्ला आहे. आत्याच्या ट्रंकेतील एका जुन्या कागदावर आजोबांचा बिल्ला क्रमांक आहे. चित्रात त्यातील शेवटचे दोनच आकडे वाचता येतात, ते जुळतात. म्हणून मी चित्रामागे मऊ पेन्सिलीने लिहिले : ‘उजवीकडून पहिले, बहुधा माझे आजोबा. आधार : मुलीची ओळख, बिल्ल्याचे दोन आकडे.’ ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. वडील आता हयात नाहीत. त्यांना ही चूक कळली नाही हे बरे झाले की वाईट, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

मित्रहो, या अनुभवातून मी शिकलो ते असे. नाव नसणे हा अन्याय आहे, पण चुकीचे नाव देणे हा दुहेरी अन्याय आहे. एकाला नसलेले मिळते आणि दुसऱ्याचे असलेले जाते. ज्या गार्डच्या चेहऱ्याला आम्ही हार घातले, त्यांचीही मुले-नातवंडे कोठेतरी असतील. कदाचित याच सभागृहात असतील. त्यांच्या घरीही कदाचित आजोबांचे चित्र नसेल. ती चौकट मी काढून टाकलेली नाही. तिच्याखाली आता ‘गार्ड, नाव अज्ञात’ अशी चिठ्ठी आहे, आणि ती कोणीतरी पुसून तेथे खरे नाव लिहील याची मी वाट पाहत आहे.

म्हणून माझी विनंती. आपल्या घरची रेल्वेची छायाचित्रे शाळेत आणा. मूळ चित्र शाळा ठेवून घेणार नाही; त्याची प्रत काढून ते परत दिले जाईल. चित्रावर पेनाने काही लिहू नका. वर पातळ कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या. मग ते घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला दाखवा. आजीला, आत्याला, मावशीला आधी दाखवा. ‘हे अमुक आहेत ना?’ असे विचारू नका, कारण म्हातारे माणूस आपले मन राखण्यासाठी ‘हो’ म्हणते. ‘हे कोण?’ एवढेच विचारा आणि गप्प बसा. जे कळेल ते लिहा, कोणी सांगितले ते लिहा, आणि जे कळले नाही तेथे जागा कोरी ठेवा.

आपल्या शाळेने साठ वर्षे रोज सकाळी हजेरी घेतली. नाव पुकारायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हे आपण येथेच शिकलो. त्या पंधरा जणांची हजेरी अजून बाकी आहे. उत्तर देऊ शकणारे आपले वडीलधारे आज आपल्यात आहेत. अमृत महोत्सवाला ते सगळे असतीलच असे नाही. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.

नमस्कार.