दारी आलेल्याला गूळपाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माजघरात चार बायका बसून बोलतात, तशीच मी बोलणार आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

‘सगळे सोडून नव्या जागी जाणे’ हा विषय अध्यक्षाबाईंनी मला दिला. आपल्या मालवण मुलखाला तो नवा नाही. घरटी एक माणूस मुंबईला, अशी आपली रीत. पूर्वी माणसे बोटीने गेली, मग एस. टी.ने गेली आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने जाऊ लागली. २००१ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. त्यात हजार पुरुषांमागे बायका १०३६. पुरुष पोटासाठी गेले आणि घरे आपण राखली, असा मी त्याचा अर्थ लावते.

जाणाऱ्याचे आपल्याला कौतुक असते. गणपतीला चाकरमानी आला की आपण अंगण सारवून ठेवतो, कारण त्याच्या हातात पिशव्या असतात. परंतु तोच चाकरमानी रिकाम्या हाताने कायमचा परत आला, तर आपण काय करतो? आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. गावी परत येणे हेसुद्धा सगळे सोडून येणेच असते.

माझे वडील मुंबईत गिरणीत कामाला होते. आई चाळीतल्या खोलीत सहा माणसांची खानावळ चालवी. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आईला मात्र त्या मंडळाची वाट सापडली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. खानावळीतल्या माणसांना पगार नाही, तर ती पैसे कुठून देणार? आईने सहा महिने त्यांना उधारीवर जेवू घातले. मग भांडी विकली, मग गळ्यातले विकले.

वडिलांनी दोन वर्षे वाट पाहिली. १९८४ च्या मे महिन्यात आम्ही एक ट्रंक आणि दोन वळकट्या घेऊन रातराणीने निघालो. मी तेव्हा सात वर्षांची होते. सकाळी कसालहून गाडी मालवणच्या रस्त्याला लागली, तशी आईने पदर तोंडावर ओढला. तिला ऊन लागत असेल, असे मला वाटले.

घर कित्येक वर्षे बंद होते. कौले फुटलेली, आत वाळवी, आणि पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. आई उंबऱ्यावरच बसून राहिली. वाडीतली माणसे गडग्यापलीकडून बघत होती. जवळ कोणी येईना. तेवढ्यात शेजारची काकी आली. तिच्या एका हातात गूळपाणी होते आणि दुसऱ्या हातात करवंटीत विस्तव. “कित्या इलास?” असे तिने विचारले नाही. “चूल खय मांडतलंस?” एवढेच विचारले. ती आली तशी बाकीचीही आली. चौथ्या दिवशी वाडीतल्या पुरुषांनी मिळून आमचे घर शाकारून दिले. आईने त्यांना पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढली. पुढे त्याच हाताने तिने शाळेतल्या दोन मास्तरांचे जेवण धरले आणि त्यावर आम्ही तीन भावंडे वाढलो. खानावळीच्या उधारीची वही ट्रंकेच्या तळाशी होती. आईने ती कधी उघडली नाही आणि टाकलीही नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगताना मला लाज वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पुढे मुंबईची माणसे गावाकडे परतू लागली. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवीत. माझ्या चुलतभावाचे कुटुंबही आले. मी रोज त्यांचा डबा नेई. पण फाटकाबाहेर दगडावर ठेवून मागे वळे. वहिनी आतून हाक मारी, मी ओ देत नसे. आजाराची भीती होती, हे खरे. परंतु लांब उभे राहून बोलल्याने आजार लागत नाही, हे मलाही ठाऊक होते. खरी भीती निराळीच होती. ही माणसे आता इथेच राहिली तर घराचा वाटा मागतील, असे माझ्या मनात होते.

एके दिवशी आईने मला विचारले, “शाळेत कोणाक काय बोललंस?” मी म्हटले, काही नाही. ती म्हणाली, “तुका आठवता मां, आपण कशी इलेलंव?” आणि तिने गुळाचा डबा माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी डब्यासोबत गूळ नेला आणि फाटकापासून लांब उभी राहून वहिनीशी अर्धा तास बोलले. चौदा दिवस संपल्यावर ती आमच्याच पडवीत राहिली. वाट्याचा प्रश्न पुढे निघाला. थोडी भांडणे झाली, मग मिटली. आज तिची चूल वेगळी आहे आणि आमचा गडगा एक आहे.

भगिनींनो, नव्याने उभे राहायला धैर्य लागते, असे सगळे सांगतात. माझ्या आईकडे धैर्य होते, हाताला चवही होती. पण करवंटीतला तो विस्तव तिच्याकडे नव्हता. तो कोणीतरी आणून द्यावा लागतो.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. वाडीत कोणी कायमचे राहायला आले, तर पहिल्याच दिवशी आपल्यातल्या दोघींनी त्यांच्या दारी जावे. का आलात, असे विचारू नये. मुलांना शाळेत घालायचे असेल, रेशनकार्डाचे काम असेल, बचत गटात नाव घालायचे असेल, तर सोबत करावी. याला मंडळाच्या पैशाची गरज नाही.

पुढच्या महिन्यात माझी मुलगी नोकरीसाठी मुंबईला जाणार आहे. तिथे तिच्या दारी कोणी गूळपाणी घेऊन येईल का, हे माझ्या हाती नाही. इथे आपल्या दारचे मात्र आपल्या हाती आहे.