झीज सोसणारी साथ

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली होती. वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या गोऱ्या ख्रिस्ती माणसाची साथही याच कसाला लावून पाहावी, असे मला वाटते. हा कस सर्वांत अवघड ठरतो तो आपल्याच माणसांत, आपल्याच चर्चमध्ये. अमेरिकेतला सदर्न बॅप्टिस्ट संघ १८४५ मध्ये उत्तरेतल्या बॅप्टिस्टांपासून वेगळा झाला, तो गुलामांच्या मालकांनाही मिशनरी होता यावे म्हणून. त्याने वर्णद्वेषाबद्दल जाहीर क्षमा मागितली १९९५ मध्ये. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, त्यांत एक ज्यू रब्बाय होते, बर्मिंगहॅममधली वर्णभेदविरोधी निदर्शने अवेळी ठरवली आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिले. ही माणसे दुष्ट नव्हती. वर्णभेद संपवण्याचे कोर्टाचे हुकूम पाळा, असे त्यांच्यातल्या बहुतेकांनी तीनच महिन्यांपूर्वी गोऱ्यांना बजावले होते. पण दुसऱ्याच्या मुक्तीचा मुहूर्त आपण काढायचा, ही सवय सुटली नव्हती.

रॉबर्ट ग्रेट्झ यांची ती सुटली होती. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या ट्रिनिटी लुथरन चर्चचे हे गोरे पाद्री. डिसेंबर १९५५ मध्ये तिथे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेण्या-आणण्याची व्यवस्था कृष्णवर्णीयांच्या संघटनेने उभारली होती. ग्रेट्झ तिच्यातले एक चालक. गावातल्या गोऱ्या पाद्र्यांकडे त्यांनी पाठिंबा मागितला, तो मिळाला नाही. त्यांच्या घरावर बॉम्ब पडले. तरीही मला त्या बॉम्बपेक्षा त्यांची गाडी मोठी वाटते, कारण तिची फेरी दुसऱ्यांनी आखलेली होती.

कुणी म्हणेल, गोऱ्याने रक्त सांडले तेव्हाच देश हलला ना? १९६५ मध्ये सेल्मा इथे मतदानहक्काच्या आंदोलनात गोरे पाद्री जेम्स रीब यांना गोऱ्यांनी मारहाण केली, त्यात ते गेले, देश हळहळला आणि ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. हे खरेच आहे. पण दोन आठवडे आधी जवळच्याच मॅरियन गावात पोलिसाची गोळी लागलेले कृष्णवर्णीय डीकन जिमी ली जॅक्सन मरण पावले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेससमोरच्या भाषणात एका सज्जन धर्मपुरुषाच्या मृत्यूचा उल्लेख केला, तो रीब यांचा. जॅक्सन यांचा नाही. रीब यांचा त्याग याने उणा होत नाही. मात्र ज्या विषमतेविरुद्ध ते उभे राहिले, तीच त्यांच्याविषयीच्या शोकातही शिरली, हे साथ देणाऱ्याने ओळखलेच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: चर्चमध्ये बोलणारा पाद्री नोकरी गमावतो, मग मंडळींना सांगणारा उरतो कोण? १९६३ च्या जानेवारीत मिसिसिपीतल्या २८ गोऱ्या मेथडिस्ट पाद्र्यांनी वर्णभेदाविरुद्ध निवेदन काढले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना राज्य सोडावे लागले. काही मात्र राहिले, आणि त्याच राज्यातल्या चर्चमधून पुढेही प्रवचने देत राहिले.