चलाच्या घोषणेचा शोध

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. लायगोच्या विश्लेषण-आज्ञावलीचा बराच भाग सी या भाषेत असून, तीत प्रत्येक चल, म्हणजे स्मृतीतील नाव दिलेली जागा, वापरण्यापूर्वी तिचा प्रकार सांगावा लागतो. यालाच घोषणा म्हणतात. ही घोषणा शोधायची असल्यास, ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विम या मजकूर-संपादकात चलाच्या नावावर कर्सर ठेवून जी आणि डी या कळा ओळीने दाबल्या, की संपादक चालू फंक्शनच्या आरंभी जाऊन तेथून ते नाव प्रथम जेथे आढळते तेथे थांबतो, आणि कंट्रोल-ओ या कळांनी मूळ ओळीवर परत येता येते. मात्र ही सोय केवळ अक्षरे जुळवते, अर्थ जाणत नाही, त्यामुळे तेच नाव आधीच्या दुसऱ्या कंसखंडात, म्हणजे महिरपी कंसांतील ओळींच्या गटात, असल्यास ती तेथेच अडकू शकते, हे अभ्यासकाने आवर्जून ध्यानात ठेवावे.